नाडीचा आकडा आणि सतराचा पाढा

वयाच्या ४६व्या वर्षी मी सायकलवर जोरकस इंटरव्हल, म्हणजे काही मिनिटे जोर आणि मग थोडी हलकी सायकल असे आलटून पालटून, करायला सुरुवात केली, तेव्हा नाडीच्या कमाल मर्यादेसाठी ‘२२० वजा वय’ हेच सूत्र प्रमाण मानले होते. त्यानुसार माझी मर्यादा मिनिटाला १७४ ठोके येत होती. पहिल्याच रविवारी, येवलेवाडी मागे टाकून पुण्याजवळच्या बोपदेव घाटाच्या चढाला लागल्यावर, मनगटावरचे घड्याळ १८१ दाखवून थरथरू लागले. छातीत कळ नव्हती, चक्कर नव्हती, धाप मात्र भरपूर लागली होती. तरीही मी घाबरून उतरलो आणि बराच वेळ कठड्यावर बसून राहिलो.

त्या आठवड्यात ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट करून घेतली. दोन्हींत काही दोष निघाला नाही. डॉक्टरांनी समजावले की हे सूत्र केवळ सरासरी सांगते आणि एखाद्याचा प्रत्यक्ष आकडा त्याहून दहा-बारा ठोक्यांनी वर किंवा खाली असणे मुळीच विशेष नाही. मग छातीवर बांधायचा पट्टा घेतला, कारण मनगटावरचे घड्याळ प्रकाशाच्या साहाय्याने रक्तप्रवाह टिपते आणि हँडलचे हादरे व घट्ट पकड यांमुळे फसू शकते, तर पट्टा हृदयाचे विद्युत संकेतच मोजतो. (तो कोरडाच बांधला तर घाम येईपर्यंत वाटेल ते आकडे दाखवतो, आतली बाजू आधी पाण्याने ओली करावी लागते, हे मला दोन रविवार वाया गेल्यावर उमगले.) डॉक्टरांच्या संमतीने, नीट वॉर्म-अप करून, चढावर शेवटपर्यंत जीव तोडून पेडल मारले, तेव्हा १८६ची नोंद झाली.

आता आकडा खरा होता, पण अडचण संपली नव्हती. चार मिनिटांचे चार इंटरव्हल, मध्ये तीन-तीन मिनिटांची हलकी सायकल आणि नाडी कमाल मर्यादेच्या ९० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे १६७, असा बेत होता. मी पहिल्याच मिनिटात १६७ गाठण्याच्या नादात असा जोर लावायचो की तिसऱ्या मिनिटाला पाय भरून यायचे. जोर वाढला तरी नाडी त्या प्रमाणात चढायला मिनिटभर किंवा अधिक वेळ घेते, हे मी लक्षातच घेतले नव्हते.

श्वासाकडे लक्ष द्यायला लागलो ते यानंतर. निरोगी माणसाची फुप्फुसे सहसा कमी पडत नाहीत. जोर वाढला की स्नायूंत तयार होणारे आम्ल रक्तातील बायकार्बोनेट हा आम्ल शमवणारा घटक शोषून घेतो, त्यातून जादा कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो आणि तो बाहेर टाकण्यासाठी श्वास एकाएकी वेगावतो. ती पायरी ओळखण्यासाठी मी सतराचा पाढा मोठ्याने म्हणू लागलो. ‘सतरा पंचे पंच्याऐंशी’पर्यंत एका दमात जाता आले तर जोर कमी आहे, ‘सतरा दुणे चौतीस’नंतर श्वास घ्यावा लागला तर नेमका आहे आणि ‘सतरा’च्या पुढे शब्दच फुटेना, तर चार मिनिटे निभणार नाहीत. बाजूने जाणारे मला स्तोत्र म्हणणारा भाविक समजत असावेत.

मे महिन्यात उन्हामुळे आणि घामामुळे नाडी तेवढ्याच जोराला सहा-सात ठोके वर जाऊ लागली. आकड्याकडे पाहून मी जोर कमी केला असता, पण पाढा ‘चौतीस’वरच थांबत होता. मी गिअर बदलला नाही. फक्त घराबाहेर पडण्याची वेळ साडेसहावरून सव्वापाचवर आणली.