भाड्याच्या जमिनीवरचा खेळ

स्विंडन हे नाव गोव्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. पोर्तुगालमध्ये जन्मनोंदणी करून, तिथला पासपोर्ट काढून इंग्लंडला गेलेल्या गोमंतकीयांची मोठी वस्ती या शहरात आहे, आणि आमच्या डिचोली परिसरातही असा वाडा शोधावा लागेल जिथल्या एकाही घरातून कुणी तिकडे गेलेले नाही. पण स्विंडन म्हटले की आपल्याकडे गोदामातील रात्रपाळी, घरभाडे, थंडी आणि पौंडाचा भाव एवढ्याच गोष्टी बोलल्या जातात. त्या शहराला सत्तर वर्षे जुना एक खेळ होता आणि तो आपल्या माणसांच्या डोळ्यांदेखत बंद पडला, याचा उल्लेख मी कुठे ऐकलेला नाही, म्हणून हा लेख.

तो खेळ म्हणजे स्पीडवे. चार स्वार, लंबवर्तुळाकार मातीच्या ट्रॅकवर चार फेऱ्या, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने. मोटारसायकल ५०० सीसीची, एकच गिअर असलेली, पेट्रोलऐवजी मेथॅनॉलवर चालणारी, आणि तिला ब्रेक मुळीच नसतो. वळणावर स्वार मागचे चाक मुद्दाम घसरवतो, पुढचे चाक वळणाच्या विरुद्ध दिशेला फिरवतो, डाव्या पायात घातलेला पोलादी तळाचा बूट जमिनीवर टेकवतो आणि त्या घसरणीच्याच जोरावर वळण पार करतो. एक शर्यत जेमतेम एका मिनिटात संपते. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला शून्य. ब्रिटिश लीगमध्ये अशा पंधरा शर्यतींचा एक सामना होतो आणि गुणांची बेरीज करून संघ जिंकतो किंवा हरतो. म्हणजे दिसायला ही मोटारसायकलची शर्यत असली तरी तिचा जीव फुटबॉलसारखा गावाच्या संघात असतो.

या खेळाचा उगम बहुतेक जण ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्समधील वेस्ट मेटलंड येथे १९२३ मध्ये झालेल्या शर्यतींत मानतात. ब्रिटनमध्ये तो १९२८ च्या फेब्रुवारीत लंडनजवळच्या एपिंग जंगलातील हाय बीच येथे रुजला आणि पाहता पाहता देशभर पसरला. १९३६ मध्ये वेम्बलीवर पहिली जागतिक अंतिम स्पर्धा झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर करमणुकीला भुकेलेल्या कामगार शहरांनी हे ट्रॅक भरून टाकले. पुढे जबर करमणूक करामुळे पन्नाशीच्या दशकात अनेक क्लब बुडाले, तरीही खेळ सावरला आणि १९६५ मध्ये नवी ब्रिटिश लीग उभी राहिली. मागच्या चढउतारांचा मी एवढ्यासाठीच उल्लेख करतो की, प्रेक्षक आटल्याने किंवा कर वाढल्याने आलेल्या संकटांतून हा खेळ एकदा बाहेर पडलेला आहे. आताचे संकट निराळ्या जातीचे आहे.

स्विंडनच्या संघाचे नाव रॉबिन्स. शहराच्या उत्तरेला, ब्लन्सडनजवळच्या ॲबी स्टेडियमवर १९४९ मध्ये त्यांच्या शर्यती सुरू झाल्या. स्विंडन तेव्हा रेल्वेचे गाव होते; ग्रेट वेस्टर्न रेल्वेने उभारलेल्या प्रचंड कारखान्यावर अर्धे शहर जगत होते आणि दिवसभर इंजिनांशी झुंजणाऱ्या कामगाराला संध्याकाळी इंजिनांचाच खेळ पाहायला आवडावा यात नवल नव्हते. न्यूझीलंडचा चार वेळा जगज्जेता ठरलेला बॅरी ब्रिग्ज याच संघाकडून अनेक वर्षे खेळला आणि १९६७ मध्ये रॉबिन्सनी लीग जिंकली. १९८६ मध्ये रेल्वेचा कारखाना बंद झाला, पण स्पीडवे टिकला. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाचा जेसन डॉयल जगज्जेता झाला तेव्हा तो स्विंडनचाच स्वार होता.

मी तो ट्रॅक २०१९ च्या उन्हाळ्यात पाहिला. माझा मावसभाऊ तिथे एका गोदामात कामाला आहे. त्याच्या पाळीवरचा एक वयस्क इंग्रज सहकारी आम्हा दोघांना घेऊन गेला. फाटकातून आत शिरतानाच एक वास आला जो मला ओळखीचा वाटला आणि तरीही कुठला ते आठवेना. त्या गृहस्थांनी सांगितले की ते इंजिनात जळणारे एरंडेलापासून केलेले वंगण आहे. त्यांनी कुंपणापासून तीन पावले मागे उभे राहण्याचा सल्ला दिला आणि पहिल्याच वळणावर त्याचे कारण कळले: चारही चाकांनी उडवलेला शेल दगडाचा ओला, तांबूस भुगा कुंपण ओलांडून थेट आमच्या अंगावर आला. यजमान संघाच्या शिरस्त्राणांवर लाल आणि निळे आवरण, पाहुण्यांच्या पांढरे आणि पिवळे, त्यामुळे एवढ्या धुरळ्यातही कोण कुठे आहे ते दिसत राहते. शर्यत संपली की ट्रॅक्टर येऊन माती सारखी करतो, आणि तेवढ्या वेळात सारे स्टेडियम खाली मान घालून लिहू लागते. प्रत्येकाच्या हातात कार्यक्रमपत्रिका आणि पेन. शर्यतीचा निकाल, वेळ, आतापर्यंतची बेरीज चौकटीत भरायची. त्या गृहस्थांच्या घरी वडिलांच्या हस्ताक्षरातल्या अशा पत्रिका खोके भरून होत्या. आमच्याकडे दशावताराच्या रात्रीला जसे वाड्यावरचे म्हातारेकोतारे आपापली ठरलेली जागा धरून बसतात, तसे तिथे माणसांना आपापले वळण ठरलेले होते.

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये स्विंडनने इप्सविचला अंतिम लढतीत हरवून ब्रिटनचे विजेतेपद मिळवले. २०२० चा हंगाम कोविडमुळे झालाच नाही. आणि त्यानंतर रॉबिन्स ॲबी स्टेडियमवर परतले नाहीत. नवे स्टेडियम आणि त्यासोबत घरे अशी एक योजना त्या जागेसाठी अनेक वर्षे चर्चेत होती. आजूबाजूला घरे उभी राहिली, स्पीडवेसाठी नवा ट्रॅक मात्र झाला नाही. गतविजेता संघ आपले विजेतेपद राखायला मैदानातच उतरू शकला नाही, अशी गोष्ट दुसऱ्या कोणत्या खेळात झाली असेल?

घर गमावलेला आणखी एक विजेता मात्र याच खेळात आहे. २०२१ चा विजेता पीटरबरो. त्यांचा ट्रॅक ईस्ट ऑफ इंग्लंड शोग्राउंड या प्रदर्शनाच्या मैदानावर होता. त्या जमिनीवर घरबांधणीचा बेत आखला गेला आणि २०२३ च्या हंगामाअखेर तिथला स्पीडवे संपला. त्याच वर्षी वुल्व्हरहॅम्प्टनने, ज्यांच्याकडून तीन वेळा जगज्जेता झालेला ताय वॉफिन्डन अनेक वर्षे खेळला, मॉनमोर ग्रीन सोडले, कारण ते स्टेडियम कुत्र्यांच्या शर्यतींचे होते आणि मालक कंपनीला स्पीडवे नको होता. कॉव्हेन्ट्रीच्या ब्रँडन स्टेडियमवर १९२८ पासून शर्यती होत होत्या. २०१६ नंतर तिथे दार बंद झाले आणि पुढे त्या रिकाम्या स्टेडियमची नासधूस आणि जाळपोळ झाली. त्याआधी एक्सेटर २००५ मध्ये, रेडिंग २००८ मध्ये आपापल्या जुन्या ट्रॅकला मुकले. लंडनमध्ये तर हा खेळ नकाशावरूनच पुसला गेला: हॅकनीच्या जागी २०१२ च्या ऑलिम्पिकसाठी माध्यम केंद्र उभे राहिले आणि विम्बल्डनच्या प्लाऊ लेनवरचे स्टेडियम पाडून तिथे २०२० मध्ये फुटबॉलचे मैदान सुरू झाले.

ही यादी वाचताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि तीच मला ठासून सांगायची आहे. यांतले बरेच क्लब हरत होते म्हणून किंवा कुणी पाहायला येत नव्हते म्हणून संपले नाहीत. विजेते संघ संपले. ब्रिटनमधील स्पीडवेचे बहुतेक क्लब पहिल्यापासून भाडेकरू होते. ट्रॅक क्लबने बांधायचा, माती क्लबने राखायची, स्वारांचा पगार क्लबने द्यायचा, पण पायाखालची जमीन कुणा दुसऱ्याची. बहुधा कुत्र्यांच्या शर्यती चालवणाऱ्याची, ज्यांचा गोल स्पीडवेच्या गोलाबाहेरून जात असे. शहराच्या कडेची ही जमीन एकेकाळी स्वस्त होती. शहर वाढत तिच्यापर्यंत आले, तिच्या पलीकडे गेले, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ वापरल्या जाणाऱ्या त्या काही एकरांची किंमत खेळाच्या सगळ्या उत्पन्नाहून कितीतरी पट झाली. मग शेजारी नवीन राहायला आलेल्यांच्या आवाजाविषयीच्या तक्रारी येतात, भाडेकरार वर्षावर्षाने वाढवला जाऊ लागतो, आणि ज्याच्या हातात एकाच वर्षाचा करार आहे असा क्लब ना छप्पर दुरुस्त करतो ना नवे दिवे बसवतो. स्टेडियम कळकट होते, नवा प्रेक्षक येत नाही, आणि मग तोच कमी झालेला प्रेक्षक खेळ मोडीत निघाल्याचा पुरावा म्हणून पुढे केला जातो. या युक्तिवादाची मला मनापासून चीड आहे.

प्रेक्षक वयस्क झाला आहे, हे मात्र खरे. इंजिनांची देखभाल महागली, पाऊस पडला की सामना रद्द होतो आणि त्या दिवसाचे उत्पन्न बुडते, चांगले स्वार एकाच आठवड्यात दोन-तीन देशांच्या लीगमध्ये धावतात आणि त्यांना ब्रिटनपेक्षा पोलंडमध्ये कितीतरी जास्त पैसे मिळतात. ही दुखणी खरी आहेत. पण ती दुखणी घेऊन जगता येते. घरच गेले तर नाही.

पोलंडचे उदाहरण इथे फार बोलके आहे. तिथे लेश्नो, गोजूफ, झेलोना गुरा अशी शहरे स्पीडवेच्या नावानेच ओळखली जातात आणि बार्तोश झ्मार्झलिक या स्वाराला देशभर मान आहे. तिथल्या अनेक स्टेडियमांची मालकी नगरपालिकांकडे आहे. तोरून शहरात २००९ मध्ये खास स्पीडवेसाठी मोटोअरेना हे स्टेडियम उभे राहिले. जमीन शहराची असल्यावर ती विकायची की नाही हा प्रश्न निवडणुकीत विचारता येतो. खासगी मालकाला तो विचारायची सोयच नसते. आपल्याकडेही याचा दाखला आहे. चेन्नईजवळ शोलावरमच्या जुन्या विमान धावपट्टीवर अनेक दशके मोटारींच्या आणि मोटारसायकलींच्या शर्यती भरत. तिथल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने वेळीच ओळखले की उसनी धावपट्टी कायमची नसते. त्यांनी इरुंगाट्टुकोट्टई येथे स्वतःची जमीन घेतली, १९९० मध्ये तिथे ट्रॅक सुरू केला आणि तो आजही चालू आहे.

गोव्यात राहणाऱ्याला हे सारे परके वाटू नये. कापणी झालेल्या शेतात फुटबॉल खेळत मोठी झालेली आमची पिढी आता त्याच शेतांवर भूरूपांतराच्या नोटिसा वाचते आहे. कोमुनिदादीची जमीन, देवस्थानची जमीन, कुणा भाटकाराची जमीन, यांवर मुले पिढ्यानपिढ्या खेळली ती कुणी हरकत घेतली नाही म्हणून. हक्क म्हणून कधीच नाही. जिथे मैदान म्हणून कागदोपत्री नोंदच नाही, तिथे मैदान गेल्याची तक्रार तरी कुठल्या कार्यालयात करणार? ग्रामसभेत हा विषय निघतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. माझे म्हणणे एवढेच की, आपापल्या पंचायतीतील खेळाची जागा आराखड्यात मैदान म्हणून नोंदलेली आहे का, हे आजच तपासून घ्यावे.

ब्रिटनमध्ये सगळेच हरलेले नाही, आणि जिथे थोडेफार वाचले तिथे ते नियोजनाच्या कायद्यानेच वाचले. ऑक्सफर्डचे काउली येथील स्टेडियम २०१२ मध्ये बंद झाले होते. स्थानिक लोक आणि नगर परिषद घरबांधणीला आडवी गेली आणि २०२२ मध्ये तिथे पुन्हा स्पीडवे सुरू झाला. ब्रँडनच्या जागेवर घरे बांधण्याचा अर्ज रग्बी या शहराच्या परिषदेने २०२२ मध्ये फेटाळला आणि त्यावरचे अपीलही टिकले नाही. स्टेडियम भग्नावस्थेत आहे, पण जमीन अजून घरांखाली गेलेली नाही आणि तिथले समर्थक अजून हटलेले नाहीत. मँचेस्टरच्या बेल व्हू संघाचे हाइड रोडवरचे जुने, प्रसिद्ध स्टेडियम १९८७ मध्ये विकले गेले होते. तीन दशके कुत्र्यांच्या स्टेडियमवर भाड्याने काढल्यावर २०१६ मध्ये त्यांना नॅशनल स्पीडवे स्टेडियम मिळाले, आणि ते मँचेस्टर नगर परिषदेच्या मालकीचे आहे. उद्घाटनाचाच सामना ट्रॅक धोकादायक ठरल्याने रद्द करावा लागला, चालवणारी कंपनी त्याच वर्षी बुडाली, तरी खेळ थांबला नाही, कारण कंपनी गेली तरी जमीन जागच्या जागी होती. स्विंडनहून मँचेस्टर गाडीने तीन तासांच्या आसपास आहे. मुलांना एकदा तिथे घेऊन जा, असे मी मावसभावाला कळवले आहे, आणि स्विंडनला ज्यांची माणसे आहेत त्यांनीही आपापल्या माणसांना कळवावे.