टिकाऊ घर कोणासाठी टिकते?

घराचा नकाशा हाती आला की मी आधी छज्जे, जोते, दारांची रुंदी आणि न्हाणीघर पाहते. पर्यावरणपूरक घराची चर्चा बहुधा सौर पॅनेलपासून सुरू होते. पण पॅनेल पुढे केव्हाही बसवता येतात, खिडकीची दिशा किंवा जोत्याची उंची मात्र बांधकाम झाल्यावर सहजासहजी बदलता येत नाही. घर टिकणे, त्याला वीज कमी लागणे आणि त्यात म्हाताऱ्या किंवा अपंग माणसाला मोकळेपणी वावरता येणे या तिन्ही गोष्टींचा निर्णय एकत्रच व्हायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ८ टक्के आहे आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग इंधनातून नव्हे, तर भट्टीत चुनखडीचे विघटन होताना बाहेर पडतो. म्हणून केवळ इंधन बदलून भागत नाही. सिमेंट कमी वापरावे लागते आणि जे वापरले ते दीर्घकाळ टिकवावे लागते. वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी आपल्या कामात सातत्याने वापरलेली रॅट-ट्रॅप रचना मला या दृष्टीने फार मोलाची वाटते. तिच्यात विटा कडेवर उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवतात. तेवढ्याच जाडीच्या भरीव भिंतीपेक्षा विटा सुमारे पाव हिश्श्याने कमी लागतात, विटा जोडण्याचा मसालाही वाचतो आणि पोकळीतल्या हवेमुळे उष्णता आत यायला वेळ लागतो.

भिंत कितीही चांगली असली तरी तिचा खरा शत्रू पाणी आहे. काँक्रीटमध्ये ओल शिरली की सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो आणि वरचा थर फोडून काढतो. छज्जाच्या खालच्या कडेला बोटभर रुंदीची एक खाच ठेवली, तर पाणी भिंतीकडे न ओघळता तिथेच गळून पडते. या खाचेला जवळपास काहीच खर्च येत नाही, तरी ती अनेकदा राहून जाते. तोच छज्जा ऊनही अडवतो. काचेच्या आतला पडदा ऊन घरात आल्यावर अडवतो, तर बाहेरची सावली ते काचेपर्यंत पोहोचूच देत नाही, हा फरक विजेच्या बिलात दिसतो.

ओल टाळण्यासाठी जोते उंच हवे, पण व्हीलचेअरला पायरी चालत नाही. रॅम्पला १:१२ पेक्षा अधिक चढ नसावा, म्हणजे एक भाग उंचीला निदान बारा भाग लांबी असावी, हे प्रमाण सर्वसाधारणपणे धरले जाते. म्हणजे ४५ सेंटिमीटर जोत्यासाठी रॅम्प ५.४ मीटर लांब लागतो. नंतर जोडलेला एवढा लांब रॅम्प अडचणीचाच होतो. सुरुवातीलाच विचार केला, तर दारापर्यंतची वाट हळूहळू चढवत नेता येते, दारावर खोल छज्जा आणि दारासमोर जाळीची पन्हळ देता येते आणि उंबरठा जवळजवळ सपाट ठेवूनही पाणी बाहेरच राहते.

रोनाल्ड मेस या वास्तुरचनाकाराला बालपणी पोलिओ झाला होता आणि तो स्वतः व्हीलचेअर वापरत असे. सर्वांना वापरता येईल अशी रचना मुळातच करावी, वेगळी सोय मागाहून चिकटवू नये, हा विचार त्याने आयुष्यभर मांडला. मला तो टिकाऊपणाचाच विचार वाटतो, कारण भिंती शाबूत असूनही गुडघे दुखणाऱ्या माणसाला घर सोडावे लागले, तर त्याच्यापुरते ते घर संपलेलेच असते.

न्हाणीघराचा स्लॅब आधीच खाली घेतला, तर उतार देऊनही दाराशी पायरी राहत नाही. दार आत उघडणारे नसावे, कारण आत कोणी पडले तर त्याच्याच अंगामुळे ते अडते. व्हीलचेअर वळवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. आधाराच्या दांड्यावर तोल गेलेल्या माणसाचा सगळा भार येतो आणि पोकळ भिंतीत तो दांडा तग धरणार नाही. म्हणून रॅट-ट्रॅप भिंत रचताना कमोडशेजारचे आणि शॉवरजवळचे थर भरीव करून घ्यावेत आणि ती जागा मोजमापासह नकाशावर नोंदवावी, म्हणजे दांडा वीस वर्षांनी बसवायचा झाला तरी भोक नेमके कुठे पाडायचे ते गवंड्याला कळेल.