स्वित्झर्लंडची बस टूर आणि ड्रायव्हरचं घड्याळ

स्वित्झर्लंडच्या ग्रुप टूरचा कार्यक्रम हातात आला की आधी सगळे 'काय काय दाखवणार' तेच वाचतात. खरं तर बस सकाळी किती वाजता सुटते आणि रात्री किती वाजता परतते, ते आधी बघावं. तिथे टूर मॅनेजरपेक्षा टॅकोग्राफचं, म्हणजे ड्रायव्हिंगची वेळ नोंदवणाऱ्या यंत्राचं जास्त चालतं. ड्रायव्हरचं कार्ड त्या यंत्रात असतं, मिनिटामिनिटाची नोंद होते. साडेचार तास गाडी चालवली की 45 मिनिटं विश्रांती. दिवसाला 9 तास ड्रायव्हिंग, आठवड्यातून दोनदा 10. रात्रीची सुट्टी सलग 11 तासांची. दोन साप्ताहिक सुट्ट्यांच्या मधे फार तर तीनदा ती 9 तासांवर आणता येते.

आता हिशोब करा. ल्युसर्नला कोणी घड्याळांच्या दुकानात रमलं, जेवण लांबलं आणि बस लावून ड्रायव्हर रात्री 10 ला मोकळा झाला. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी 9 च्या आत बस हलत नाही. 7 लाच निघायचं तर तीनातली एक सवलत गेली. तिन्ही संपल्या की नेमकी युंगफ्राऊयोख या डोंगरावरच्या रेल्वे स्टेशनला जायची वेळ हुकते. ड्रायव्हरशी हुज्जत घालून उपयोग नाही, दंड त्याला होतो.

युंगफ्राऊयोखला सकाळीच जावं, उन्हाळ्यात दुपारपर्यंत ढग चढतात. ग्रिंडेलवाल्ड टर्मिनलहून आयगर एक्सप्रेस ही केबल कार 15 मिनिटांत आयगरग्लेचर स्टेशनला सोडते, पुढे बोगद्यातली रेल्वे. खालचं इंटरलाकेन गाव 566 मीटरवर, वरचं स्टेशन 3,454 वर. एका सकाळीत एवढी चढण शरीराला जाणवतेच. वर धावपळ नको, पायऱ्या सावकाश. डोकं दुखून उलटी झाली तर फोटो राहू द्या, पुढच्या गाडीने खाली या. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा.

घाटात बस लागणाऱ्यांनी शेवटची रांग टाळावी. ती मागच्या चाकांच्याही मागे असते, त्यामुळे प्रत्येक वळणाला बाहेर फेकल्यासारखं होतं. पुढच्या आणि मागच्या चाकांमधली जागा उत्तम. सीट रोज बदलत असतील तर घाटाच्या दिवसापुरती अदलाबदल मागून घ्या. ग्रिम्सेल (2,164 मीटर) आणि फुर्का (2,429 मीटर) हे घाट साधारण जून ते ऑक्टोबरच खुले असतात. मे महिन्याच्या टूरमध्ये 'फुर्कामार्गे' लिहिलं असेल तर पर्यायी रस्ता कोणता, ते बुकिंगआधी विचारा.

इंटरलाकेनहून ब्रिएंझ गावाला मोटारवेने जाताना ब्रिएंझचं तळं डावीकडे येतं खरं, पण बोगदे फार. बोट सव्वा तास घेते, तरी तीच बरी. हिमनद्यांनी दळलेल्या खडकाची पूड पाण्यात तरंगत राहते, म्हणून ब्रिएंझचं पाणी असं दुधाळ हिरवं-निळं. बरीचशी पूड इथेच तळाशी बसते. खालच्या थूनच्या तळ्याला तो रंग तितका नाही.

बॅग भरताना लक्षात ठेवा, आपला जाड पिनांचा प्लग तिथे चालत नाही. मोबाइल चार्जरचा दोन बारीक पिनांचा चालतो. पेढे, बर्फी, पनीर घरीच ठेवा, दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. चिवडा आणि मेतकूट खुशाल न्या. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. गावातल्या कारंज्यांचं पाणी पिता येतं, फक्त 'काइन ट्रिंकवासर' (पिण्याचं पाणी नाही) अशी पाटी असेल तिथे नको.