माहितीपट शिकताना ऐकणे

देवनारच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये माध्यम व सांस्कृतिक अभ्यास या विषयात एम.ए. करताना सैद्धान्तिक वाचन आणि माहितीपटनिर्मिती जोडीने चालते, आणि मला ते अत्यंत योग्य वाटते. ज्यांचे जगणे आपण चित्रित करतो, त्यांच्याविषयीची आपली गृहीतके त्यामुळे तपासली जातात.

मला सर्वाधिक शिकवले ते ध्वनीने. मुलाखत संपल्यावर सर्वांना गप्प राहायला सांगून त्या खोलीतली पंख्याची घरघर आणि बाहेरच्या रहदारीचा आवाज अर्धा मिनिट मुद्रित करून ठेवायचा असतो, कारण संकलनात दोन वाक्यांमधला सांधा त्यानेच झाकला जातो. मात्र सांधा कितीही बेमालूम जुळला तरी बोलणाऱ्याचा आशय बदलता कामा नये (माझ्या मते या शिक्षणाचा गाभा हाच), म्हणून रफ कट, म्हणजे संकलनाचा कच्चा मसुदा, त्या व्यक्तीला आधी दाखवावाच.