मुरमावरचा फुटबॉल

जुलैतली दुपार. सकाळपासून भरून आलेलं आभाळ तसंच कोरडं निघून गेलेलं. कॉलेजच्या क्रीडा विभागाच्या खोलीत जाळीच्या पिशवीतून चेंडू फरशीवर ओतलेत, सगळे पिचके. पंप आहे. पंपाची सुई नाही.

ही सुई दरवर्षी हरवते. डझनभर आणून ठेवा, पहिल्या आठवड्यात एक व्हॉल्व्हमध्ये मोडते, एक कुणाच्या तरी ट्रॅकपँटच्या खिशातून धुण्यात जाते, आणि शेवटी व्हॉलीबॉलवाल्यांची उसनी आणावी लागते. मोडण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच, कोरडी सुई. तिला ग्लिसरीनचा थेंब लावावा, नसेल तर पाणी. थुंकी सगळेच लावतात, चालते. सुई सरळ आत घालायची, आणि हवा भरताना चेंडू दोन पायांत धरून पंप डुलू द्यायचा नाही. डुलला की सुई बुडाशी मोडते. कोरडी सुई व्हॉल्व्हचं रबर ओरबाडते, आणि मग रात्री टणक असलेला चेंडू सकाळी सुरकुतलेला सापडतो.

हवा किती भरायची याबद्दल नियम उदार आहे. समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाच्या ०.६ ते १.१ पट, म्हणजे ८.५ ते १५.६ पीएसआय. या दोन टोकांत दोन वेगळे खेळ मावतात. दगडासारखा फुगवलेला चेंडू दाबून 'आता कसा झाला' म्हणणाऱ्या माणसांचा मला राग आहे. मराठवाड्यातल्या मैदानावर चेंडू खालच्या टोकाकडेच ठेवावा, नऊ-दहाच्या आसपास. दोन्ही अंगठ्यांनी जोर लावला तर कातडं थोडं दबलं पाहिजे. पंक्चरच्या दुकानात कॉम्प्रेसरवर तर चेंडू नेऊच नये. तिथला हात मोटारसायकलच्या टायरला सरावलेला असतो, तो पंचवीसच्या खाली थांबत नाही आणि चेंडूची शिवण उकलते.

शिवाय ऊन. सकाळी बरोबर दहा पीएसआय भरलेला चेंडू दुपारी उन्हात पडला की दीड-दोन पीएसआयनं चढतो. संध्याकाळी गार झाला की उतरतो, आणि मुलं म्हणतात लीक आहे. लीक नसतो. लीक बघायचाच असेल तर बादलीत बुडवून व्हॉल्व्हवर बुडबुडे येतात का ते बघावं. ज्याचा ब्लॅडर, म्हणजे आतली हवेची पिशवी, लॅटेक्सचा असतो तो चेंडू तसाही दोन-तीन दिवसांत बसतो, ब्युटिलचा आठवडाभर टिकतो. सरावाला ब्युटिलचा घ्यावा.

खरा शत्रू मैदानाच्या कडेला उभा असतो. कुंपणाला लागून वेडी बाभूळ, आणि आत जमिनीशी पसरलेला सराटा. बारवरून गेलेला शॉट बाभळीत गेला की चेंडूचं काही खरं नसतं. हातशिलाईचा चेंडू असेल तर चांभार शिवणीचे चार टाके उसवून, ब्लॅडरला सायकलचं सोल्युशन आणि ठिगळ लावून पुन्हा शिवून देतो. मोल्डेड चेंडूला टाकेच नसतात, त्यामुळे तो पुढे लहान मुलांच्या खेळण्यात जातो. म्हणून शूटिंगच्या सरावाला दोन मुलं गोलच्या मागे उभी करायची. शिक्षा म्हणून नाही, जो दमलाय त्याची विश्रांती म्हणून.

तर मैदान. आपली जमीन काळी, आणि काळी जमीन फुटबॉलला दोन्ही ऋतूंत नको असते. ओली झाली की फुगते, बुटाला शेर-दीड शेर चिखल बांधते. वाळली की आकसते आणि भेगा पडतात. पावसानं पंधरा दिवस ओढ दिली की या भेगा टाच अडकण्याइतक्या रुंद होतात. घोटे मुरगळतात ते टॅकलनं कमी आणि असल्या भेगेत जास्त. म्हणून बहुतेक कॉलेजांनी वर चार-सहा इंच मुरूम टाकलेला असतो. मुरमावर पाणी थांबत नाही, खेळ लवकर सुरू होतो, आणि मांडीची सालटी निघतात.

त्यामुळे सरावाचे पहिले दोन दिवस चेंडूला पाय लागत नाही. सगळी टीम हातभर अंतर सोडून एका ओळीत उभी करायची आणि गोलपासून गोलपर्यंत खडे वेचत न्यायची. परत येताना गाजर गवत. ते फुलाला यायच्या आत उपटावं, आणि उघड्या हातानं नाही. हातमोजे नसतील तर दुधाच्या पिशव्या चढवाव्यात, नाहीतर चार दिवस खाज. खड्ड्यांत मुरूम भरून पाणी मारायचं, धुम्मसानं ठोकायचं. नुसता भरलेला मुरूम पहिल्याच पावसात निघून जातो. रोलर फिरवायचा तो आदल्या संध्याकाळी पाणी शिंपडून, सकाळी माती नुसती दमट असताना. ओली असेल तर रोलरलाच चिकटून उचलते, कोरडी असेल तर रोलर फिरवल्याचं समाधान तेवढं मिळतं.

मधोमध क्रिकेटची सिमेंटची पिच असते. तिच्याबद्दल कुणी बोलत नाही, सगळे गृहीत धरतात. तिच्यावर दोन इंच ओला मुरूम पसरून दाबायचा, तो दर आठवड्याला निघतो, दर आठवड्याला पुन्हा टाकायचा.

आखणीत मात्र आळस चालतो असं वाटतं आणि तो नडतो. फक्की, दोरी, टेप, चार खुंट्या एवढंच सामान. कोपरा काटकोनात हवा असेल तर एका रेषेवर ६ मीटर, दुसरीवर ८, आणि तिरकं अंतर बरोबर १० भरलं पाहिजे. हे न करता डोळ्यांनी आखलेलं मैदान एका बाजूला दोन-तीन पावलं लांब निघतं. दोरी नायलॉनची नको, ती ताणते आणि ९.१५ मीटरचं मधलं वर्तुळ लंबगोल होतं. सगळ्यात हमखास चूक पेनल्टी क्षेत्राबाहेरच्या डीची. तो चाप १६.५ मीटरच्या रेषेच्या मध्यावर खुंटी ठोकून काढतात. तो काढायचा ११ मीटरच्या पेनल्टी स्पॉटवरून, त्रिज्या तीच ९.१५. चुकीचा डी दुरूनच ओळखू येतो, त्याचं पोट फार सुटलेलं असतं. फक्कीच्या नावाखाली कधी कळीचा चुना आलेला असतो. तो घामाला आणि डोळ्याला जाळतो, गोलकीपर त्याच्यातच लोळणार असतो, म्हणून पोतं फोडून आधी बघावं.

आता मुलं. पहाटे पाचला या मैदानावर जी पळत असतात ती भरतीची. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळा. मुलींना १६०० ऐवजी ८००. फुटबॉलच्या टीममधली निम्मी पोरं त्यांच्यातलीच. दम भरपूर, श्वासाची लय पक्की. अडचण त्या लयीचीच आहे. नव्वद मिनिटांत खेळाडूचं साधारण दहा किलोमीटर अंतर होतं, पण त्यातलं बरंचसं चालणं आणि हळू पळणं. मधेच तीन सेकंद जीव तोडून, थांबा, वळा, उलटे पळा. १६०० मीटरवाला सरळ रेषेत राजा असतो. त्याला बीप टेस्टला, म्हणजे बीपच्या आवाजावर वीस मीटर अंतरात सतत जा-ये करायच्या चाचणीला, उभं करा. सुरुवात ताशी ८.५ किलोमीटरनं, दर मिनिटाला अर्ध्या किलोमीटरनं वेग वाढतो. पहिली काही मिनिटं तो हसत असतो, नंतर दम शिल्लक असताना वळणावर मांड्या संपतात. टेस्ट मुरमावर घ्यायची तर दोन्ही टोकांची माती झाडून घ्यावी, नाहीतर मोजलं जातं ते घसरणं. आणि वीस मीटर टेपनं मोजावेत, पावलांनी नाही.

उरलेली निम्मी सुट्टीत गावी सोयाबीनची पेरणी, खत, फवारणी करून आलेली असतात. खांदे, पाठ, पकड सगळं मजबूत, फक्त गेल्या दोन महिन्यांत एकदाही पूर्ण वेगानं पळालेली नसतात. अशा पोरांना पहिल्या दिवशी शंभर मीटरच्या दहा फेऱ्या दिल्या की तिसऱ्या दिवशी दोघं-तिघं मांडीच्या मागे हात धरून बाहेर बसतात, आणि ती स्पर्धेपर्यंत पूर्ण बरी होत नाहीत. पहिला आठवडा वीस-पंचवीस मिनिटं हलकं पळणं आणि बाकी वेळ चेंडू. दुसऱ्यात दहा-वीस मीटरचे तुकडे, पाऊण वेगानं. पूर्ण वेग तिसऱ्यात. मांडीमागच्या स्नायूसाठी जोडीदारानं घोटे धरायचे आणि खेळाडूनं दुमडलेल्या पोत्यावर गुडघे टेकून अंग ताठ ठेवत सावकाश पुढे झुकायचं. सुरुवातीला तीन ते पाच वेळाच. पाच जमले म्हणून कुणी वीस काढतो आणि दुसऱ्या दिवशी वाकून बूट घालता येत नाही.

मैदानाला गोल फेऱ्या मारायला लावणं हा आपल्याकडचा जुना उपाय आहे. "सर, पळायचं कामून? बस स्टँडहून पळतच आलो की," असं एखादा म्हणतो, आणि त्याचं म्हणणं अगदीच चूक नसतं. ३० बाय २० मीटरची चौकट आखून चार विरुद्ध चार, चार मिनिटं खेळ, तीन मिनिटं विश्रांती, अशा चार पाळ्या दिल्या की फेऱ्यांपेक्षा जास्त दम निघतो, आणि कुणी तक्रार करत नाही कारण गोल मोजायचे असतात.

इथं फुटबॉल लहानपणापासून खेळलेली मुलं क्वचित मिळतात. छत्रपती संभाजीनगरात आमखास मैदानाच्या आसपासची पोरं अपवाद. त्यांच्या पायाला चेंडूची सवय असते आणि तोंडाला दख्खनीची, "छोड मियाँ, पीछे है" एवढ्यात सगळी रणनीती येते. बाकी जिल्ह्यांत टीम दुसऱ्या खेळांतून गोळा होते. खो-खोची पोरं विंगला, म्हणजे मैदानाच्या कडेनं चढाईला, घालावीत. दोन पावलांत वेग, जागच्या जागी दिशाबदल, मुरमावर न घसरता वळण्याची कला त्यांच्या घोट्यांतच असते. फक्त ती चेंडूच्या पुढे निघून जातात. कबड्डीत बचावाला कव्हर म्हणून खेळणारा सेंटर बॅकला, म्हणजे गोलसमोरच्या मधल्या बचावाला, चांगला, चढाई ओळखतो, अंग आडवं घालतो. पण समोरचा निसटतोय असं दिसलं की त्याचा हात आपोआप कमरेला किंवा शर्टाला जातो, आणि पेनल्टी. उपाय साधा आहे. सरावात त्याच्या दोन्ही मुठींत एकेक टेनिस बॉल द्यायचा. मूठ भरलेली असली की पकड बसत नाही, आणि हळूहळू तो पायांनी विचार करायला लागतो.

व्हॉलीबॉलवाला गोलकीपर. उंची आणि उडी तयार मिळते, सवय मोडावी लागते, कारण आलेला प्रत्येक चेंडू तो तळव्यानं वर उडवतो, आणि तो समोरच्याच्या डोक्यावर जाऊन पडतो. अंगठे चेंडूच्या मागे, एकमेकांजवळ, इथून सुरुवात. मग पडायला शिकवणं. आधी गुडघ्यांवर बसून, कुशीवर, कोपर अंगाखाली न घेता. कबड्डीच्या जुन्या मॅटचे तुकडे यासाठी सोन्याचे. मुरमावर थेट उडी मारायला लावली तर पहिल्या आठवड्यातच कोपर सोलतं, आणि कोपर सोललेला गोलकीपर पुढे महिनाभर उभाच राहतो, चेंडू शेजारून गेला तरी.

सरपटी टॅकल मुरमावर बंदच ठेवावं. ज्यानं केलंच त्याची जखम हळद चोपडण्याआधी साबण-पाण्यानं खडा न खडा निघेपर्यंत धुवावी आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते विचारावं. या बंदीमुळे आपले बचावपटू उभे राहून खेळतात. तिरके उभे, गुडघ्यात वाकलेले, समोरच्याला कडेकडेनं रेटत नेतात. ही गोष्ट मला कोणत्याही कौशल्यापेक्षा देखणी वाटते. पुढे आंतरविद्यापीठ स्पर्धेत हीच मुलं हिरवळीवर जातात तेव्हा अडवणं जमतं, पासिंग फसतं. मुरमावर चेंडू धावतो, हिरवळीवर गवत त्याला धरतं. प्रत्येक पास दोन-तीन पावलं अलीकडे मरतो. जाण्याआधी चार दिवस कुठलंही लॉन मिळालं तरी पुरतं. लांब स्टडचे बूटही तिथेच घालावेत. मुरमावर ते टोचतात आणि झिजतात, इथं बारीक ठिपक्यांच्या तळाचेच बरे.

वेळापत्रक कागदावर सहा आठवड्यांचं असतं. पंधरा ऑगस्टच्या आधी आठ दिवस मैदान एनसीसीचं. श्रावणात सोमवार-शनिवारचे उपवास, साबुदाण्यावर पळणारी मुलं, अंडी बंद. त्यांना आदल्या रात्री ज्वारीची भाकरी जास्त घ्यायला सांगावं, सरावानंतर केळी आणि शेंगदाण्याचा लाडू. पोळ्याला सगळे गावी. महालक्ष्म्यांना पुन्हा सगळे गावी. सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, मैदानावर मांडव. पाण्याचा जार भरलेला असला तरी मुलं पीत नाहीत, लाजतात, म्हणून थांबवून प्यायला लावायचं. लिटरभर पाण्यात सहा छोटे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. संध्याकाळी लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडलं, एवढं त्यांना एकदा स्पष्ट शब्दांत सांगून टाकावं.

सप्टेंबरच्या अखेरीला, टीम कुठं जमायला लागते तोवर, परतीचा पाऊस सुरू होतो. दुपारी चारला ऊन, पाचला काळोख. अशा वेळी मुलांना अजून पाच मिनिटं हवी असतात, कारण माती दबलेली असते आणि चेंडू पहिल्यांदाच मनासारखा थांबतो. द्यायची नाहीत. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज पोहोचण्याइतकी जवळ आहे. सपाट मैदानावर सगळ्यात उंच ती मुलंच असतात, आणि शेजारी लोखंडी गोलपोस्ट. झाडाखाली नाही, कुंपणाला टेकून नाही, पत्र्याच्या उघड्या शेडमध्येही नाही. पक्क्या इमारतीत, खिडकीपासून लांब. शेवटचा गडगडाट झाल्यावर ३० मिनिटं मोजायची, मधे एक जरी झाला तर पुन्हा पहिल्यापासून. सरांच्या फोनवर विजेची सूचना देणारं दामिनी ॲप असावं. सामना दुसऱ्या दिवशी असला तरी यात सूट नाही.