नातवाच्या ओसीआयसाठी आजोबांचा दाखला कुठे शोधायचा

परदेशात जन्मलेल्या नातवंडासाठी ओसीआय कार्ड (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं कार्ड) काढायचं ठरलं की घरचे आधी आजोबांच्या जन्मदाखल्यासाठी महापालिकेच्या जन्म-मृत्यू खिडकीवर जातात. तिथे "नोंद सापडत नाही" असं ऐकून परत येतात. पुष्कळदा नोंद असते, पण दुसऱ्या कार्यालयात.

ठाणे महापालिका 1 ऑक्टोबर 1982 ला झाली, नवी मुंबई महापालिका 1 जानेवारी 1992 ला. आजोबा 1938 साली घणसोलीत, दिवाळ्यात किंवा कळव्यात जन्मले असतील, तर तेव्हा ती ठाणे तालुक्यातली गावं होती. त्यांची नोंद गावच्या दप्तरात झाली, आणि ते दप्तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात शोधायचं. ठाणे शहरातलाच जन्म असेल तर मात्र महापालिकेकडेच मागा. पनवेल, खारघर, उलवे म्हणजे रायगड. जुन्या कागदावर जिल्हा 'कुलाबा' दिसेल. वसई, डहाणू, जव्हारचे कागद 'ठाणे जिल्हा' म्हणत असले तरी 1 ऑगस्ट 2014 पासून ते तालुके पालघर जिल्ह्यात आहेत. थोडक्यात, जन्म झाला तेव्हा ते गाव कोणत्या तालुक्यात होतं, एवढं आधी पक्कं करा.

तहसीलमध्ये मागायचा तो गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी वही. बोलीत कोतवाल बुक. साध्या कागदावर अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प, आणि मागणी 'प्रमाणित नकलेची'. इथेच बहुतेकांचं अडतं, कारण या वहीत बाळाचं नाव सहसा नसतं. बापाचं नाव, 'मुलगा' किंवा 'मुलगी', जात, तारीख, एवढंच. म्हणून अर्जात आजोबांच्या नावासोबत पणजोबांचं नाव, गाव आणि निदान तीन वर्षांचा कालावधी द्या. शाळेच्या दाखल्यावरची एकच तारीख देऊ नका. गुरुजींनी अंदाजाने टाकलेली 1 जून ही जन्मतारीख किती घरांत आहे, ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. जुनी पानं मोडी लिपीत असतात. वाचायला मोडीचा जाणकार लागतो. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, हे लक्षात ठेवलं तर नावांचा क्रम उलटा लागत नाही.

नोंद खरंच नसेल तर तोंडी उत्तरावर परत फिरू नका. नमुना 10 मध्ये अनुपलब्धता प्रमाणपत्र लेखी घ्या. त्याच्या जोडीला आजोबांच्या पहिल्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा फार उपयोगी पडतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर राष्ट्रीयत्वाचा रकानाही असतो.

खरं तर ओसीआयसाठी आजोबांचा जन्मदाखलाच हवा असं नाही. दाखवायचं असतं ते त्यांचं भारतीयत्व: 26 जानेवारी 1950 ला किंवा त्यानंतर ते भारताचे नागरिक होते, किंवा त्या दिवशी होण्यास पात्र होते. आजोबांचा जुना, रद्द झालेला भारतीय पासपोर्ट कपाटात असेल तर सगळ्यात आधी तो काढा. पासपोर्ट नसेल आणि आजोबा हयात असतील, तर तहसीलदाराचं वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र 'आपले सरकार'वरून किंवा सेतूतून काढून घ्या.

पण नुसतं भारतीयत्व दाखवून भागत नाही, नातंही जोडावं लागतं. नातवाच्या जन्मदाखल्यावर आई-बाबांची नावं हवीत (काही देशांतल्या छोट्या दाखल्यावर ती नसतात, तिथे पूर्ण दाखला मागवा), आणि आई किंवा बाबांच्या दाखल्यावर आजोबांचं. आईकडून अर्ज करत असाल तर तिचं माहेरचं नाव जन्मदाखल्यावर, सासरचं पासपोर्टवर; मधला दुवा विवाह प्रमाणपत्र. जुन्या लग्नाची नोंद झाली नसेल आणि दोघंही हयात असतील, तर ती आजही प्रभाग कार्यालयात तीन साक्षीदारांसह करता येते. नोंद होऊन विवाह प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय अर्ज भरू नका.

स्पेलिंगचा त्रास सगळ्यांना होतो. एका कागदावर 'पाटील' डबल ईने, दुसऱ्यावर आयने. नोटरीचं 'एकच व्यक्ती' असं प्रतिज्ञापत्र आधाराला चालतं, पण महापालिकेच्या दाखल्यातली चूक निबंधकाकडूनच दुरुस्त करून घ्या. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 15 खाली ती सोय आहे. मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर जोडा. भाषांतर करणाऱ्याला पासपोर्टवरचं स्पेलिंग आधीच लिहून द्या, नाहीतर तो तिसरंच घालतो.

आणखी एक गोष्ट आधीच विचारून घ्या. अर्जदार, त्याचे आई-बाबा, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा यांपैकी कुणीही कधी पाकिस्तानचं किंवा बांगलादेशचं नागरिक असेल तर ओसीआय मिळत नाही. कार्ड मिळालं तरी मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. गावची शेती नातवाच्या नावावर खरेदी करायच्या हिशेबाने कुणी हे करत असेल, तर त्यांना हे आजच सांगा.