भेंडीचं टोक आणि प्लास्टिकचा हातमोजा

गेल्या शनिवारी भर बाजारात एका विक्रेत्याने माझ्या हातातलं पीच काढून घेतलं. हिसकावलं नाही, पण घेतलं. मी ते नुसतं अंगठ्याने दाबून बघत होते. "सिन्योरा, नॉन तोक्कारे!" बाई, हात लावू नका. मागे रांगेत सात-आठ माणसं. इटलीत, तोरिनो शहरात येऊन तीन वर्षं झाली, भाषाही आता बऱ्यापैकी येते, पण त्या वेळी एक शब्द फुटला नाही. कान तापले. काही न घेता घरी आले आणि दुपारभर तेच डोक्यात.

भाजी कशी घ्यायची ते मला आईने मंडईत शिकवलं. १८८६ साली मंडईची ती दगडी इमारत उभी राहिली, तेव्हापासून पुण्यातल्या बायका तिथे हेच करत आल्या असणार. भेंडीचं टोक मोडायचं. कट्कन तुटलं तर कवळी, नुसतं वाकलं तर जून. दुधीला नख लावून बघायचं. वांगं हाताला हलकं लागलं पाहिजे. नारळ कानाशी धरून हलवायचा. कोथिंबिरीची जुडी उलगडून पोटात बघायचं, कारण सडकी पानं तिथेच लपवलेली असतात. यातलं निम्मं नुसत्या डोळ्यांना कळत नाही, ते हातालाच कळतं.

आणि इथे हातावर मोजा! सुपरमार्केटात भाज्यांच्या कप्प्यापाशी पातळ प्लास्टिकच्या हातमोज्यांचा गठ्ठा टांगलेला असतो. एक ओढून काढायचा, चढवायचा, मगच टोमॅटोला हात लावायचा. मग काट्यावर पिशवी ठेवून त्या भाजीचा नंबर दाबायचा, किमतीची चिठ्ठी निघते ती वर चिकटवायची. पिशवी कुजणारीच हवी आणि तिचे पैसे गिऱ्हाइकाने मोजायचे, असा १ जानेवारी २०१८ पासून कायदा आहे. तो मला मनापासून पटतो. मग दोन मिनिटांत कचऱ्याच्या टोपलीत जाणारा हा मोजा का चालतो? आमच्या दुकानात तरी तो साध्या प्लास्टिकचाच आहे. संध्याकाळी त्या कप्प्याशेजारची टोपली मोज्यांनी ओसंडत असते.

पहिल्याच महिन्यात मी एकदा विसरले. शेजारी उभ्या आजींनी काही न बोलता एक मोजा ओढला आणि माझ्यापुढे धरला. हसून धरला, तरी लागलं. माझे हात घाण नाहीत हो. आमच्याकडे पालेभाजी तीन पाण्यांतून निघाल्याशिवाय चिरायला घेत नाहीत. मोज्यातला हात आंधळा होतो, टोमॅटो घट्ट आहे की पिचलेला ते कळतच नाही. आणि ज्याला दाबायचंच आहे तो मोजा घालूनही दाबतोच, त्याने फळ काही वाचत नाही.

पीचच्या बाबतीत मात्र त्या माणसाचं खरं होतं. दुसऱ्या दिवशी सुपरमार्केटातून दोन पीच आणली आणि एकाला बाजारात दाबलं होतं तेवढंच दाबलं. तेव्हा काहीच दिसलं नाही. सकाळी साल काढली तर अंगठ्याएवढा तपकिरी डाग. आतल्या पेशी फुटतात, त्यांना हवा लागते आणि गर काळवंडतो. तो डाग दिसेपर्यंत दाबणारा कधीच घरी पोचलेला असतो. हापूसच्या वेळी आपणही हेच सांगतो की! बाबा आंब्याला बोट लावू देत नसत, देठाशी वास घ्यायचा. मार्केट यार्डात पेटी बघताना मी एकदा अंगठा टेकवला, तर व्यापाऱ्याच्या आधी तेच ओरडले होते.

इथला विक्रेता हात लावू देत नाही, पण एक गोष्ट आवर्जून विचारतो. "पेर ओज्जी ओ पेर दोमानी?" आज खाणार की उद्या? उद्या दुपारी म्हटलं की दोन-चार खरबुजं उचलून, हुंगून, त्यातलं एक देतो, आणि ते उद्या दुपारीच तयार होतं. याचं मला मनापासून कौतुक आहे. आपल्याकडे "ताई, आज गवार नका नेऊ" असं सांगणारी भाजीवाली असतेच, पण ती वर्षानुवर्षांची ओळखीची असते. इथे पहिल्यांदा आलेल्यालाही विचारतात.

सगळेच विचारत नाहीत. वरचे टोमॅटो दाखवून खालचे मऊ पिशवीत भरणारे मला इथेही दोनदा भेटले. हात लावू नका म्हणणाऱ्याने निवडीची जबाबदारी आपल्या अंगावर घ्यावी. तो ती घेत असेल तर मी हात मागे बांधून उभी राहीन. घेत नसेल, तर माझा हात पुढे जाणार.

भेंडी मी पोर्ता पालात्सोच्या बाजाराजवळच्या एका बांगलादेशी दुकानातून आणते. तिथे कुणी अडवत नाही. काल एकेक टोक मोडून अर्धा किलो निवडली. चार वाकली, म्हणजे जून. आधी मी अशा परत ढिगात टाकायची, मंडईत सगळेच टाकतात. काल त्या चारही पिशवीत घातल्या आणि त्यांचेही पैसे दिले.